दलसूआज्याचा पट्टा

आमच्या घरात भुताला बंदी होती. माझ्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच आठवड्यात घरातले देव आणि घरातली भुतं एकाच टोपलीत भरून वैनगंगेत सोडली, असं बाबा सांगत आणि सांगताना दरवेळी हसत. बाबा गुरुजी होते. कुरखेड्याच्या पुढं डांबर संपतं तिथून सात-आठ मैल आत, एका जंगलगावात, दोन खोल्यांची शाळा आणि तिला चिकटून आमचं कवेलूचं घर. गाव सगळं गोंडांचं, आम्ही तेवढे बाहेरचे. सावलीकडच्या बांध्या सोडून, धानाचा उघडा मुलूख सोडून माय या झाडांत आली तेव्हा पहिलं वर्षभर म्हणे ती रोज विचारायची, "इथी आभाय कुठी हाय?" मी मात्र त्याच झाडांखाली वाढले. सकाळी मुसळांचे ठोके, गुरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा, आणि भर उन्हात सगळं गाव झोपलं की एक अशी शांतता की आपलाच श्वास दुसऱ्या कुणाचा वाटावा. मी एकदा मायला तसं म्हटलं तर बाबांनी आतून ओरडून विचारलं, "कोणाचा श्वास? नाव सांग त्याचं!" नाव सांगता येत नाही ते नसतंच, हा त्यांचा नियम होता. शाळेतही आणि जेवताना ताटावरही.

नववीची परीक्षा देऊन मी वसतिगृहातून सुट्टीला आले होते. घरात उकड्या तांदळाचा भात, लाखोरीचं वरण, अंबाडीची भाजी आणि सुक्या झिंग्यांची चटणी, जिचा वास दोन दिवस बोटांना राहायचा. वसतिगृहातल्या पातळ आमटीवर वर्ष काढलेली मी नुसती खात होते. आणि बाबांची सायकल शिकत होते. पोरीच्या जातीनं सायकल कशाला, असं गावात कुणी म्हटलं नाही. म्हटलं ते मायनं. "पडशीन अन् मंग माहीत पडन," ती म्हणाली आणि चौथ्या दिवशी मी पडले. उतारावरून सुटलेली सायकल बांधावर आपटली, मी उजव्या खांद्यावर पडले आणि गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. वाळलेली काटकी चुलीत घालण्याआधी मोडावी तसा. दुखणं नंतर आलं.

कुरखेड्याला न्यायचं तर त्याच सायकलवरून, त्याच वाटेनं. दोन पावलं चालवल्यावर मी अशी किंचाळले की बाबांनी सायकल भिंतीला टेकवली. "दलसूकडं नेऊ," ते म्हणाले आणि लगेच, जणू कुणी टोकलं होतं, स्वतःच उत्तर दिलं, "हाड बसवनं ही विद्या हाय. त्याच्यात देवदेवस्की नाई." दलसूआजा गावच्या त्या टोकाला राहायचा. पाठीत वाकलेला, तोंडानं अबोल, बोटं मात्र लांब आणि थंडगार. आसपासच्या वीस गावांत कुणाचा हात मोडो, खांदा निखळो, लोक त्याच्याकडे येत. त्यानं माझ्या खांद्यावरून डोळे मिटून बोटं फिरवली, माझ्याशी काहीतरी बोलायला सुरुवात केली, आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडणार एवढ्यात हाड जागेवर बसवून मोकळा झाला. मी रडले ते नंतर, आठवून.

मग त्यानं चुलीवरच्या आढ्याला टांगलेला तो पट्टा उतरवला. धुरानं काळा झालेला, तेल पिऊन पिऊन मऊ पडलेला कातड्याचा पट्टा. दोन बाजूंनी खांद्याभोवती फिरायचा, छातीवर बकलात अडकायचा, आणि उजव्या काखेत त्याची एक लांबट पिशवी यायची. पिशवीत सावरीचा कापूस गच्च भरलेला. ती काखेत बसली की हात आपोआप बाजूला उचलला जायचा, पट्टा खांदा मागे खेचून धरायचा आणि हाडाची दोन टोकं एकमेकांसमोर राहायची. छातीवर कातड्याची सहा बारीक घरं होती. त्यांत दलसूआज्यानं कसल्याशा मुळ्यांचे तुकडे खोचले होते. पण मला आठवतं ते वेगळंच. मला घालण्याआधी त्यानं पट्टा डोळ्यांसमोर धरला आणि त्याच्याशी गोंडीत चार शब्द बोलला. मला खेळण्या-बोलण्यापुरती गोंडी यायची, हे शब्द कळले नाहीत. सूर कळला. औताच्या आळशी बैलाला दटावतात तो सूर.

"एक महिना," तो बाबांना म्हणाला. "काढू नोको. न्हायलेबी नाई."

हा पट्टा मुळात कशाचा, यावर आमच्या घरी रोज चर्चा. बाबा म्हणत घोड्याच्या सामानातला. माय म्हणे कुण्या जुन्या मिशनच्या डॉक्टरनं हाडासाठीच करून आणला असेल, पाहा ना किती बरोबर बसतो. सहा घरं कशाला, तर बाबा म्हणाले पोस्टाचा हरकारा त्यात पेन्सिली ठेवत असेल. "सहा पेन्सिली?" माय म्हणाली. "तुमच्या शाळेत अख्ख्या मियून तीन हाय." बाबांनी घोडा मात्र सोडला नाही.

पहिल्या आठ दिवसांत मला पट्ट्याची सवय झाली. आणि मग, सांगायला आजही जरा संकोच वाटतो, त्याला माझी सवय झाली. दुपारी सगळे पडले की मी भिंतीला टेकून बसायची आणि अगदी हलायची नाही, कारण हललं की दुखायचं. तरीही कातडं कुरकुरायचं. एक लांब कुरकुर, मग थांबणं, मग पुन्हा एक. माझा श्वास मी मोजून पाहिला. तो तिच्याशी जुळत नव्हता. पट्ट्याला वासही होता. धुराचा आणि तेलाचा वास वर, त्याच्या खाली घामाचा एक आंबट वास, जो माझा नव्हता. आणि माझा डावा हात. उजवा बांधलेला म्हणून सगळं मी डाव्यानं करायची, ते ठीक. पण तो हात मी न सांगता छातीवरून आडवा जायचा, उजव्या काखेतल्या त्या पिशवीच्या तोंडात शिरायचा, कापसात बोटं रोवायचा आणि वळायचा. काहीतरी पकडल्यासारखा. दारात कुणाची सावली पडली, मागून कुणी हाक मारली, की हात तिथे. मी घाबरून बाबांना सांगितलं. "घामानं खाज सुटून राह्यली," बाबा म्हणाले. खाज सुटत नव्हती. पण खाजेला नाव होतं, म्हणून मी तीच धरून बसले.

गावातल्या तरण्या लोकांना माझं काही वाटायचं नाही. म्हातारी माणसं मात्र मला पाहिलं की वाटेतून बाजूला होत, आणि माझ्या तोंडाकडे न बघता छातीकडे बघत. एक दिवस विहिरीवर रैनाबाई भेटली. गावात तिच्याएवढं वय कुणाचंच नव्हतं. तोंडात दात नाही, डोळ्यांत फूल पडलेलं. तिनं जवळ येऊन पट्ट्यावर बोट आपटलं.

"काम करून राह्यला का नाई?"

"मी सुट्टीवर आहो, बाई," मी म्हटलं.

"तू नाई," ती म्हणाली. "तो."

आणि पट्ट्यापाशी वाकून तिनं अशी काही शिवी हासडली की पाणी भरणाऱ्या बायका खाली माना घालून हसू लागल्या. मला हसू आलं नाही. घरी येऊन मी मायला म्हटलं, हे काढ. माय काढणार होती. बाबांनी काढू दिलं नाही, हाड वाकडं जुळेल म्हणून, आणि ते बरोबर होतं.

सुट्टीमुळे शाळा रिकामी होती म्हणून पोलिसांची एक तुकडी तिथं मुक्कामाला आली. त्या वर्षांत जंगलात 'दादा लोक', म्हणजे नक्षलवादी, फिरू लागले होते आणि त्यांच्या मागोमाग पोलीसही. फौजदार तरुण होता, घाटाकडचा, बोलायला नीट. पाणी मागायला ओट्यावर आला, तांब्या देणाऱ्या माझ्याकडे बघितलं, आणि तांब्या तसाच हातात राहिला.

"गुरुजी, हे मुलीच्या अंगावर काय आहे?"

"हाडाचा पट्टा," बाबा कौतुकानं म्हणाले. "आमच्या दलसूचा. डॉक्टरला जमनार नाई असं हाड बसवतो तो."

बाबांनी आयुष्यभर स्वतःला ज्यासाठी बोल लावला ते हे एवढंच बोलणं. फौजदारानं पट्टा उतरवायला लावला, मायनं जुन्या लुगड्यानं माझा खांदा घाईनं बांधला, आणि तासाभरात दलसूआजा शाळेच्या खोलीत, तिसरीच्या मुलांच्या बसायच्या पट्टीवर, भिंतीला पाठ लावून बसला होता. हा पट्टा म्हणजे रिव्हॉल्व्हरचं म्यान असेल तर रिव्हॉल्व्हर कुठं, आणि ते कुणाला दिलं, हा प्रश्न होता. दलसूआजा काहीच बोलेना. दोन दिवस. दुसऱ्या दिवशी फौजदार म्हणाला, उद्या याला गडचिरोलीला पाठवावं लागेल. तिकडे नेलेली माणसं कधी परततील ते त्या काळात कुणी सांगू शकत नव्हतं, आणि दलसूआजा सत्तरीचा होता.

त्याच संध्याकाळी मामा येऊन टेकला. मी पडल्याचं पत्र मायनं आधीच टाकलं होतं. मामा पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. दुसऱ्या महायुद्धापासून नोकरीभर तो कोतात होता, म्हणजे हत्यारांच्या कोठारात. बंदुका आणि त्यांचं चामड्याचं सामान पुसणं, मोजणं, दुरुस्त करणं हेच त्याचं काम. बाबांनी त्याला हातपाय धुऊ दिले नाहीत.

"भाऊ, तुमी फौजी मानूस. तुमचं आयकतीन. सांगा, का हे घोड्याचं हाय."

"पायल्याबगर कसं सांगू?"

"पायल्यावरबी हेच सांगा. मानसाचा जीव जाते!"

मामा भात कालवत राहिला, आणि बाबा त्याच्या हाताकडे बघत राहिले. खोटं बोलू नये हे बाबांनीच मला शिकवलेलं. त्या रात्री मी मनातल्या मनात मामाला खोटं बोल, खोटं बोल असं म्हणत झोपले.

सकाळी शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं होतं. अर्धं गाव लांब आंब्याखाली उभं. फौजदारानं पट्टा मामापुढे टाकला. मामानं आधी चष्मा पुसला, मग पिशवीतला कापूस उपसून बाजूला ठेवला, आणि आत दोन बोटं घालून बराच वेळ नुसता चाचपत बसला.

"रिव्हॉल्व्हरचंच हाय, साहेब," तो म्हणाला. "काखेत घालाचं होल्स्टर."

बाबांनी डोळे मिटले. खोलीच्या दारात दलसूआजा बसला होता.

मामा मात्र थांबला नव्हता. पिशवीच्या मधोमध कातडं फुगलेलं आहे, ते रिव्हॉल्व्हरच्या चकरीनं. पिस्तूल चपटं असतं, त्याला असा फुगा येत नाही. खाली निमुळतं, म्हणजे नळी लांब. छातीवरची सहा घरं काडतुसांची. पलटणीच्या कोतातलं हे नव्हे; साहेब लोक स्वतःच्या पैशानं विलायतेहून मागवत, कोटाच्या आत घालायला. मागच्या बाजूला कारखान्याचा छाप होता, बोटाला लागत होता, डोळ्यांना दिसत नव्हता. "अन् मानूस डावखोरा होता. उजव्या काखेतलं हत्यार डाव्याच हातानं निंगते." मामानं आपला डावा हात छातीवरून आडवा नेला, पिशवीच्या तोंडाशी बोटं वळवून दाखवली. तो हात मला पाठ होता. मी मायच्या मागे सरले.

"मग हत्यार कुठंय?" फौजदार म्हणाला.

"तेच सांगून राह्यलो. हे पाहा. आतमंधी हत्यार धरून ठेवाले पोलादी चाप असते. हा चाप गंजून जागीच चिकटला. वाकवून दाखवा." फौजदारानं अंगठ्यानं दाबलं, चापाचा तांबडा चुरा टेबलावर पडला. "चाळीस-पन्नास वर्सं याच्यात लोखंड गेलं नाई. गेलं असतं तं आत तेलाचा डाग असता. आतमंधी कापसाचे तुसं हाय. बकलाचे भोकं मोजा. कारखान्याचे पाच, एका मापाचे. बाकीचे आरीनं पाडले, थेट इथवर. हे छोट्या लेकराच्या छातीचं माप हाय, साहेब. इतक्या लहान लेकराले कोनता दादा रिव्हॉल्व्हर बांधते?"

पट्टा उलटा करताना मामाचा अंगठा मागच्या बाजूला, पाठीच्या फऱ्याशी येईल तिथं, एका ठिगळावर थांबला. कोशाच्या रेशमी धाग्यानं बारीक टाके घातलेलं ठिगळ. त्यानं ठिगळाची कड नखानं जराशी उचलली, खाली बघितलं, आणि मग पहिल्यांदाच दलसूआज्याकडे बघितलं. दलसूआजाही त्याच्याकडेच बघत होता.

"इथं काय?" फौजदारानं विचारलं.

"उंदरानं कुरतडलं," मामा म्हणाला आणि कड दाबून बसवली.

फौजदार वाईट माणूस नव्हता. त्यानं कागदावर लिहिलं, मामाची सही घेतली, दलसूला सोडा म्हणाला. पण म्यान ते म्यान, ते जप्त राहील. पट्टा त्यानं शिपायाकडे दिला. तेव्हा दोन दिवसांत पहिल्यांदा दलसूआज्यानं तोंड उघडलं.

"साहेब, त्याले रिकामं नोको ठेवू."

"कुणाला?"

शिपाई हसले. दुपारी तुकडी निघून गेली.

आम्ही दलसूआज्याला घरी पोचवायला गेलो. आढ्याखाली पट्ट्याची जागा रिकामी होती; तो उभा राहून तिकडे बघत होता. मामा खाली बसत म्हणाला, "आजा, उंदराच्या दातानं अशी सरळ चीर पडत नाई. ते तीराचं भोक होतं. पाठीतून."

मला वाटलं आता हा आम्हाला हाकलेल. तो चुलीपुढे बसला आणि सांगू लागला, शेताची हद्द सांगावी तसा. त्याच्या आज्याच्या वेळी एक साहेब या जंगलात लाकूड तोडायला आला होता. माणसं वेठीला धरायचा. कुणी ओझं टाकलं, कुणी पळालं, की झाडाला बांधून हात मोडायचा. डाव्या हातानं. मग तो एक दिवस परत गेला नाही. "मेल्यावर तो गावातच राह्यला. रोज दिसे. तं माया आज्यानं म्हटलं, राहतं का? मंग काम कर. जेवढे हात मोडले, तेवढे जोडून दे. तवा जाजो." आज्यानं एका बांबूवर खाचा पाडून ठेवल्या होत्या. एक हात जुळला की एक खाच तासून काढायची. बांबू त्यानं दाखवला.

"म्हंजे मी..." मी म्हटलं. जवळजवळ महिनाभर तो साहेब माझ्या अंगाला बांधलेला होता, आणि मला एकदम त्या वासाची शिसारी आली. रडू आलं. मामानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी वाट बघत होते की आता बाबा बोलतील, नाव सांग म्हणतील, टोपली आणि वैनगंगा काढतील.

बाबांनी वेगळंच विचारलं. "मायी पोरगी तुमच्या गावची नाई. आमी सावलीकडचे. तिचा हात काऊन धरला या खाचांत?"

"वेठीले तुये लोकं नव्हते का, गुरुजी?" दलसूआजा म्हणाला. "तिकडूनबी आनत. निम्मे तिकडचेच होते."

बाबा मग अगदी हळू म्हणाले, "माया आज्याचा उजवा हात वाकडा होता. कोपरातून. मरेपर्यंत सरळ झाला नाई. झाडावरून पडला, सांगे."

"तवा सगळे झाडावरूनच पडत," दलसूआजा म्हणाला.

बाबांना रडताना मी त्या आधी पाहिलं नव्हतं. नंतरही नाही. ते बाहेर गेले, अंगणात उभे राहिले, आणि आत आले तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, किती राहिले. दलसूआज्यानं बांबूवरून अंगठा फिरवून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी अर्ज लिहिला. शाळेच्या कागदावर, शाळेच्या अक्षरात. आजपर्यंत मला तो तोंडपाठ आहे: सदर पट्टा गावच्या उपयोगाचा असून त्याचे काम अद्याप पुरे झालेले नाही, तरी तो परत मिळावा. माय म्हणाली, हे वाचून साहेब हसतील. "हसू दे," बाबा म्हणाले आणि सायकल काढली. सुट्टी संपेपर्यंत त्यांनी कुरखेड्याच्या पाच फेऱ्या केल्या. पाचव्या फेरीला फौजदारानं, कंटाळून असेल किंवा आणखी कशानं असेल, चाप आणि बकल काढून घेतलं आणि नुसतं कातडं वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं.

ते द्यायला बाबांबरोबर मीही गेले. दलसूआजा दारात उभा होता, त्याच्यामागे एक बाई मोडक्या हाताचं पोर कडेवर घेऊन. बाबांनी कागद सोडला. पट्टा दलसूआज्याच्या हातात देण्याआधी त्यांनी तो डोळ्यांसमोर उंच धरला, आणि गृहपाठ न करता वर्गात येणाऱ्या पोराला बजावावं त्या आवाजात म्हणाले,

"अकरा बाकी हाय. चाल, हो पुढं."